आईच्या नावाची संस्था : भार्गवी दावर यांची वाट आणि आपल्या विहारांचे काम

दरवर्षी पौष पौर्णिमेच्या सुमारास अर्धापूर तालुक्यातील दाभडच्या बावरीनगर महाविहारात धम्म परिषद भरते. पांढऱ्या साड्या नेसून गावोगावच्या उपासिका येतात. मंडपात सर्वांत जास्त गर्दी त्यांचीच असते. त्रिशरण-पंचशील त्यांच्या तोंडी असते, बाबासाहेबांवरची गाणी पाठ असतात. वर्षभर विहार झाडणे, वंदना घेणे, वर्गणी गोळा करणे, भोजनदानाचा स्वयंपाक करणे हे सगळे त्याच करतात.

याच बाया घरी गेल्यावर कशा असतात, हे आपण कधी विचारले आहे का?

हळदीच्या आणि केळीच्या रानात दिवसभर राबून आलेली बाई रात्री झोपत नाही. छातीत धडधड होते. हातापायांना मुंग्या येतात. डोके सारखे दुखते. 'जीव लागंना' एवढेच ती सांगते. गावातला डॉक्टर सलाईन लावतो, ताकदीची गोळी देतो. महिन्याने पुन्हा तेच. मग घरात कुणी म्हणते 'बाहेरचं लागलं', कुणी म्हणते 'नाटकं करती', आणि जास्त झाले की 'येडी झाली'. आपला सुशिक्षित कार्यकर्ता काय म्हणतो? तो म्हणतो, 'ताई, विपश्यना करा.'

या चारही उत्तरांत एक गोष्ट समान आहे. त्या बाईला कुणी पूर्ण ऐकून घेतलेले नाही.

ऐकून घेण्याचे शास्त्र ज्यांनी महाराष्ट्रात, पुण्याच्या गरीब वस्त्यांमध्ये उभे केले, त्या डॉ. भार्गवी दावर यांची ओळख आपल्या तरुणांना असायला हवी. त्या डॉक्टर होत्या, पण औषधे लिहून देणाऱ्या नव्हेत, तत्त्वज्ञानाच्या डॉक्टर. मे २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी घालून दिलेली वाट मात्र आपल्या विहारांना आज उपयोगी पडेल अशी आहे.

बापूची मुलगी

भार्गवी दावर यांचा जन्म १९६२ सालचा. त्यांच्या आईचे नाव बापू. बापू भक्तिमार्गाच्या होत्या. त्या घराच्या चौकटीत मावल्या नाहीत, भटकल्या, भजने गायल्या. काही लोकांना त्या संत वाटत. मानसोपचाराच्या भाषेत मात्र त्यांच्यावर 'स्किझोफ्रेनिया' असा शिक्का बसला आणि त्यांना मनोरुग्णांच्या संस्थांत राहावे लागले. तिथल्या भिंती आणि तिथले उपचार मुलीने लहान वयात पाहिले.

मुलीच्या मनात जो प्रश्न रुतला, तो साधा होता. माझी आई कोण होती? संत, रोगी, की घराला नकोशी झालेली बाई? आणि हे ठरवण्याचा अधिकार कुणाला? तिला स्वतःला कुणी विचारले होते का?

पुढे त्या आयआयटी मुंबईत तत्त्वज्ञान शिकल्या आणि मानसोपचारशास्त्र कोणत्या पायावर उभे आहे, याच विषयात त्यांनी पीएच.डी. केली. म्हणजे ज्या शास्त्राने आईवर शिक्का मारला, त्या शास्त्राचीच त्यांनी तपासणी केली. त्या स्वतःलाही मानसोपचार व्यवस्थेच्या अनुभवातून तगून निघालेली व्यक्ती म्हणवत. 'मी बरी आणि तुम्ही रोगी' अशा उंचीवरून त्या कधी बोलल्या नाहीत.

१९९९ मध्ये पुण्यात त्यांनी संस्था काढली आणि तिला आईचे नाव दिले : बापू ट्रस्ट. ज्या बाईचे नाव दवाखान्याच्या कागदावर केवळ 'केस' म्हणून राहिले असते, तिचे नाव संस्थेच्या पाटीवर आले. बाबासाहेबांच्या चळवळीत वाढलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. ज्यांची नावे पुसली गेली, त्यांची नावे पुन्हा लिहिणे हे आपणही करत आलो आहोत.

त्यांनी दाखवून दिलेली गोष्ट

१९९९ मध्येच भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावरचे त्यांचे पुस्तक आले. त्यातला मुख्य मुद्दा असा.

मनाच्या आजारांचे ढोबळमानाने दोन गट मानले जातात. एक, तीव्र आजार : भास होणे, वास्तवाशी संबंध तुटणे. हे पुरुषांत आणि स्त्रियांत जवळपास सारख्या प्रमाणात आढळतात. दुसरा गट उदासी, सततची चिंता, भीती, झोप उडणे, कारण न सापडणारी अंगदुखी यांचा. हा त्रास स्त्रियांत पुरुषांपेक्षा बराच जास्त आढळतो. आता सरकारी व्यवस्था पाहा. मनोरुग्णालये, खाटा, कायदे, निधी हे सगळे मुख्यतः पहिल्या गटासाठी उभे राहिले. म्हणजे बहुसंख्य बायकांचे दुःख ज्या गटात मोडते, त्या गटासाठी व्यवस्थाच नव्हती.

हा फरक शरीराच्या जडणघडणीने पुरता समजत नाही. मारझोड, हुंडा, मूल होण्याचा धाक, मुलगाच हवा हा हट्ट, कष्ट, कर्ज, नवऱ्याची दारू यांचा हिशेब लावल्याशिवाय तो कळत नाही. म्हणून त्यांचा आग्रह असा की, बाईच्या मनाचा विचार करताना तिचे घर, पोट, काम, शरीर आणि हक्क हे सगळे एकत्र पाहिले पाहिजे. समग्र उपचार म्हणतात तो हाच.

आकडे या म्हणण्याला दुजोरा देतात. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना पाहणीच्या काळात कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे दिसले. उदासी-चिंतेसारखे त्रास असलेल्या दर शंभरातल्या सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२१ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात ४५,०२६ स्त्रियांनी आत्महत्या केल्या आणि त्यातल्या २३,१७८ गृहिणी होत्या. त्याच वर्षी शेती क्षेत्रातील आत्महत्यांची नोंद १०,८८१ होती. शेतकरी आत्महत्येवर आपण मोर्चे काढले आणि ते योग्यच होते. त्याच्या दुपटीपेक्षा जास्त गृहिणी गेल्या, त्यांच्यासाठी कोणता मोर्चा निघाला?

'सेहर'ची पद्धत

बापू ट्रस्टने पुण्याच्या वस्त्यांमध्ये 'सेहर' नावाचा कार्यक्रम चालवला. सेहर म्हणजे पहाट. त्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यात मोठी इमारत लागत नाही.

पहिली गोष्ट, कार्यकर्ते वस्तीत जातात. बाई दवाखान्याच्या पायरीवर येईल याची वाट पाहत नाहीत. गल्लीत फिरायचे, ओट्यावर बसायचे, कोपरा सभा घ्यायच्या, घरोघर बोलायचे. कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिले जाते, पण ते वस्तीची भाषा बोलणारे असतात.

दुसरी गोष्ट, संमती. बाईला विचारल्याशिवाय काहीही करायचे नाही. नवऱ्याने सांगितले, सासूने सांगितले म्हणून तिला 'रोगी' ठरवायचे नाही. बापूंच्या बाबतीत जे घडले ते दुसऱ्या कुणाच्या बाबतीत घडू नये, हा या नियमाचा उगम आहे.

तिसरी गोष्ट, शरीराकडे लक्ष. ती काय खाते? किती झोपते? अंगात रक्त आहे का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. रक्त कमी असले की थकवा येतो, धाप लागते, चिडचिड होते, मन लागत नाही. थायरॉइडचा त्रास असला तरी उदासी येऊ शकते. मराठवाड्यात आणखी एक गोष्ट धरावी लागते. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. कमी वयात हे ऑपरेशन झाले, त्यात अंडाशयही गेले, तर शरीरातला बदल अचानक होतो आणि त्याचा परिणाम झोपेवर व मनावर होतो. अशा बाईला 'मन खंबीर कर' म्हणणे म्हणजे पाय मोडलेल्याला 'चालायला लाग' म्हणण्यासारखे आहे.

चौथी गोष्ट, शब्दांपलीकडचे मार्ग. दावर यांनी कलेवर आधारित उपचारांचे प्रशिक्षण घेतले होते. श्वास, आवाज, ताल, हालचाल, चित्र यांचा वापर त्या करत. जिच्यावर घरातच अत्याचार झाला आहे, ती तो शब्दांत सांगू शकत नाही. कधी भीतीने, कधी लाजेने, कधी शब्दच नसतात म्हणून. पण ती ओवी म्हणू शकते, टाळी देऊ शकते, कागदावर रेघा मारू शकते. शरीर सैल होते, मग कधीतरी बोलणे सुरू होते. आपल्या बायांच्या भीमगीतांमध्ये आणि जात्यावरच्या ओव्यांमध्ये ही ताकद आधीपासून आहे. तिच्याकडे आपण फक्त कार्यक्रमाची सुरुवात म्हणून पाहत आलो.

पाचवी गोष्ट, आधाराचे कडे. एकटी बाई एकट्या समुपदेशकाकडून बरी होत नाही. शेजारीण, बहीण, एखादी मैत्रीण, बचत गट, गरज पडली तर रेशनचे काम, निराधार योजनेचा अर्ज, वकील हे सगळे तिच्याभोवती उभे करावे लागते. पोटात अन्न नसताना आणि पाठीवर मार बसत असताना नुसत्या बोलण्याने मन शांत होत नाही.

औषधांबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. दावर यांनी मानसोपचार व्यवस्थेतील सक्तीवर कठोर टीका केली. ती टीका वाचून कुणी चालू असलेली गोळी एकदम बंद करू नये. मनाच्या आजाराची काही औषधे अचानक थांबवली तर त्रास वाढतो. औषध घ्यायचे, कमी करायचे की बंद करायचे, हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे. बाईला प्रश्न विचारण्याचा हक्क आहे आणि डॉक्टरांनी उत्तर दिले पाहिजे, एवढा त्या टीकेचा गाभा आपण घ्यावा.

अंगात येणाऱ्या बाईचे काय करायचे?

इथे आपली आणि दावर यांची गाठ एका अवघड वळणावर पडते.

आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत. देवऋषी, गंडेदोरे, अंगात येणे आपण मानत नाही. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. दावर यांनी मात्र मधुरा लोहोकरे यांच्यासोबत महाराष्ट्रातील दर्ग्यांचा अभ्यास केला आणि एक प्रश्न समोर ठेवला : बाया तिथे का जातात? त्यांना तिथे काय मिळते?

उत्तर विचार करायला लावणारे आहे. घरात जिला मोठ्याने रडता येत नाही, ती तिथे रडते. जिला नवऱ्यासमोर बोलता येत नाही, ती तिथे ओरडते आणि कुणी तिला मारत नाही. बरोबरीच्या दहा बाया भेटतात. काही दिवस घरच्या कामातून सुटका होते. म्हणजे जे मिळते ते माणसांकडून मिळते : मोकळीक, सोबत, विसावा.

हेच आपल्या साहित्यातही नोंदले गेले आहे. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' या आत्मकथनात आषाढात बायांच्या अंगात येण्याची वर्णने केली आहेत. ज्या सुनेला एरवी कुणी माणूस म्हणून मोजत नव्हते, तिच्या अंगात आले की सगळे घर तिच्यापुढे हात जोडायचे. बेबीताई कट्टर आंबेडकरी होत्या. त्यांनी अंधश्रद्धेची भलामण केली नाही. पण त्या बाईची टिंगलही केली नाही. भूक आणि अपमान यांनी पिचलेल्या बाईला तेवढीच एक जागा उरली होती, हे त्यांनी दाखवले.

याचा अर्थ दर्ग्यात किंवा देवऋषीकडे पाठवा असा होत नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेली २८ माणसे आगीत जळून मेली, हे विसरता येणार नाही. मारहाण, उपाशी ठेवणे, साखळ्या, लैंगिक शोषण हे कुठेही चालले तरी गुन्हाच आहे आणि त्याविरुद्ध तक्रार झालीच पाहिजे. पण आपण बाईच्या हातातला गंडा तोडतो आणि त्या जागी काहीच देत नाही, तेव्हा ती आपल्यापासून लपून जाते. रडायची जागा, बसायची जागा, ऐकणारी माणसे विहारात मिळाली, तर तिला दुसरीकडे जाण्याचे कारण राहणार नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे अर्धे काम भाषणाने होते. उरलेले अर्धे सोबतीने होते.

पटाचाराची शिकवण

आपल्या परंपरेत याचे उदाहरण आहे, आणि ते एका बाईचे आहे.

पटाचारा ही श्रावस्तीच्या श्रीमंत घरातली मुलगी. तिने घरातल्या सेवकाशी पळून जाऊन लग्न केले. दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी निघाली असता नवरा सापाने डसून मेला. नदी ओलांडताना नवजात बाळ ससाण्याने उचलले आणि थोरला मुलगा प्रवाहात वाहून गेला. श्रावस्तीजवळ पोचल्यावर कळले, रात्रीच्या वादळात घर कोसळून आईवडील आणि भाऊ गेले. तिचे भान हरपले. अंगावरचे वस्त्र गळाले तरी तिला कळले नाही. लोक तिला वेडी म्हणून हाकलू लागले, माती फेकू लागले. ती भटकत भगवान बुद्धांच्या सभेत आली, तेव्हा लोकांनी तिला अडवले. बुद्धांनी तिला येऊ द्यायला सांगितले.

पुढचा क्रम नीट पाहा. आधी तिला जवळ येऊ दिले. मग तिला बहीण म्हणून हाक मारली आणि भानावर येण्यास सांगितले. तिला लाज वाटली, तेव्हा एकाने आपले वस्त्र तिच्या अंगावर टाकले. मग तिने आपली सगळी कहाणी सांगितली आणि ती ऐकली गेली. दुःखाचा उपदेश त्यानंतर आला.

जवळ घेणे, आदराचे नाते, अंग झाकणे, ऐकणे आणि मग धम्म. आपण बहुतेक वेळा शेवटापासून सुरुवात करतो.

पटाचाराची कहाणी तिथे संपत नाही. ती भिक्खुणी झाली, विनयात अग्रगण्य ठरली, आणि मूल गमावलेल्या कितीतरी आया तिच्याकडे येऊ लागल्या. थेरीगाथेत तिने सावरलेल्या अशा बायांच्या गाथा आहेत. जिला समाजाने वेडी म्हणून हाकलले, तीच इतर बायांना बरे करणारी झाली. बापूच्या मुलीने पुण्याच्या वस्तीत जे केले, त्याचे मूळ आपल्याला आपल्याच वाङ्मयात सापडते.

किसा गोतमीची मोहरीची गोष्ट आपण प्रवचनात नेहमी सांगतो. तीत बुद्धांनी तिला दारोदार पाठवले. मरण न आलेले घर शोधता शोधता तिला प्रत्येक घरातले दुःख ऐकावे लागले आणि आपण एकटे नाही हे तिचे तिला कळले. आजच्या भाषेत तो आधार-गटच होता. विनयपिटकाच्या महावग्गात आणखी एक प्रसंग आहे : आपल्याच मलमूत्रात पडलेल्या आजारी भिक्खूला बुद्ध आणि आनंद यांनी स्वतः धुऊन काढले, आणि आजाऱ्याची सेवा ही आपलीच सेवा असल्याचे बुद्धांनी संघाला सांगितले.

आता विपश्यनेबद्दल. ध्यानाने अनेकांना लाभ होतो, यात शंका नाही. पण दहा दिवसांच्या मौन शिबिराच्या नियमावलीतच गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी शिबिर करू नये, असे सांगितलेले असते. आघातातून गेलेल्या बाईला दहा दिवस डोळे मिटून गप्प बसवले तर जुने प्रसंग उसळून वर येऊ शकतात. म्हणून शिबिराला पाठवण्याआधी तिची स्थिती केंद्राला खरी सांगावी. तिच्यासाठी सुरुवात उघड्या डोळ्यांनी, चार मैत्रिणींसोबत, पाच मिनिटांच्या श्वासाने झाली तरी पुरे.

जातीचा घाव

दावर यांच्या मांडणीचा भर स्त्री असणे आणि 'मनोरुग्ण' ठरवले जाणे यावर राहिला. आपल्याला त्यात जातीचा घाव जोडावा लागेल. ते काम आपणच करायचे आहे.

नांदेड जिल्ह्याने नामांतराच्या लढ्यात १९७८ साली पोचीराम कांबळे गमावले. १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडात आत्मदहन केले. २०२३ मध्ये नांदेडजवळच्या बोंढार हवेली येथे एका तरुण भीमसैनिकाचा खून झाला. शहिदांच्या स्मृतिदिनाला आपण जातो, हार घालतो, घोषणा देतो. पण अशा प्रत्येक घरात आई, बायको, बहीण, मुलगी मागे राहते. जळलेल्या वस्तीतून लेकरे घेऊन पळालेल्या बाया आज साठी-सत्तरीत आहेत. रात्री दचकून उठण्याचा त्यांचा त्रास कुणी नोंदवला? चळवळीने निवेदने दिली, खटले लढवले, मदत मिळवून दिली. दुःख हलके करण्याची व्यवस्था मात्र उभी केली नाही. अत्याचाराच्या घटनेनंतर गावात जाणाऱ्या पथकात वकील असतो, पत्रकार असतो, नेते असतात. त्यात त्या घरातल्या बायांजवळ चार दिवस बसू शकेल अशी एक प्रशिक्षित ताई असायला हवी.

आणि घरातल्या घावाबद्दलही बोलले पाहिजे. आपल्या वस्तीत नवरा दारू पिऊन मारतो, तो मनुवादी नसतो. पुष्कळदा त्याच्या गाडीवर निळा झेंडा असतो. बाबासाहेबांनी १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत, समाजाची प्रगती आपण त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, अशी भूमिका मांडली होती. त्या मापाने आपली वस्ती कुठे उभी आहे, हे वस्तीतल्या बायाच सांगू शकतील.

अर्धापूरमध्ये काय करता येईल?

राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये चार : येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. यातले एकही मराठवाड्यात नाही. नांदेडहून पुणे सुमारे साडेचारशे किलोमीटर. म्हणून जे करायचे ते जवळच करावे लागेल, आणि ते करता येण्यासारखे आहे.

एक. आठवड्यातून एक दुपार विहार फक्त बायांसाठी ठेवा. पुरुष पदाधिकारी नकोत, भाषण नको, फोटो नको. वंदना, एखादे गाणे, थोडा श्वास, चहा आणि बोलणे. इथे ऐकलेले बाहेर जाणार नाही, हा पहिला नियम. तो एकदा मोडला की बाया पुन्हा येणार नाहीत.

दोन. प्रत्येक वस्तीतून दोन ताया निवडा. वक्तृत्व पाहू नका. जिच्याजवळ बाया आपणहून बोलतात तिला निवडा. नाशिक जिल्ह्यात 'आत्मीयता' नावाच्या उपक्रमाने गावातल्याच स्वयंसेवकांना प्रशिक्षण देऊन असे काम करून दाखवले आहे. आशाताईंना सोबत घ्या. शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठीच्या 'प्रेरणा' प्रकल्पामुळे हा विषय त्यांना नवा नाही.

तीन. शरीराची तपासणी आधी. रक्त, थायरॉइड, साखर यांची तपासणी ग्रामीण रुग्णालयात किंवा नांदेडच्या शासकीय रुग्णालयात करून घ्या. सलाईनवर पैसे घालवण्याआधी हे करा.

चार. काही खुणा दिसल्या तर उशीर करू नका. मरणाचे बोलणे, स्वतःला इजा करणे, अनेक रात्री अजिबात न झोपणे, खाणे सोडणे, बाळंतपणानंतर काही दिवसांत बडबड, भास किंवा बाळाची भीती वाटणे. बाळंतिणीचा हा त्रास गावात 'बाधा' समजला जातो. तो तातडीने उपचार लागणारा आजार आहे आणि बहुतेक बाया त्यातून बऱ्या होतात. अशा वेळी तिला एकटे सोडू नका, घरातली विषारी औषधे दूर ठेवा, लगेच डॉक्टर गाठा. १४४१६ हा 'टेली-मानस'चा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. मारझोड होत असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, आणि जिल्ह्याच्या 'सखी' वन स्टॉप सेंटरमध्ये पोलीस, वकील, डॉक्टर यांची मदत एका ठिकाणी मिळते.

पाच. कायदा माहीत असू द्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने माणसाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे, भूल न देता विजेचे झटके देण्यास मनाई केली आहे, मानसिक आजारावरचा उपचार म्हणून नसबंदी करण्यास मनाई केली आहे. आजारी पडल्यास माझ्यावर कोणते उपचार करावेत आणि माझ्या वतीने कोणी बोलावे, हे बाई आधीच लिहून ठेवू शकते. तो बोलणारा माणूस नवराच असला पाहिजे असे नाही. या कायद्यात संमतीशिवाय दाखल करण्याची वाट शिल्लक राहिली, म्हणून दावर त्यावर समाधानी नव्हत्या. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली आहे, त्या कराराला धरून कायदा असावा, अशी त्यांची मागणी होती. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात शिवीगाळ, अपमान आणि मानसिक छळ हीही हिंसाच मानली आहे.

सहा. शिक्का मारू नका. लग्नाच्या कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचे एक कारण आहे, आणि ते बायकोला घराबाहेर काढण्यासाठी वापरले जाते. गावात 'वेडी' हा शब्द उच्चारणारा माणूस नकळत त्या खटल्यातला साक्षीदार होतो. तो शब्द आपल्या तोंडातून जाऊ द्यायचा नाही, एवढे तर आजपासून करता येईल.

यातल्या कोणत्याही कामाला निधी मंजूर होण्याची वाट पाहावी लागत नाही. विहार आहे, सतरंज्या आहेत, बाया आहेत. एका दुपारची वेळ ठरवायची, विहाराची किल्ली महिला मंडळाकडे द्यायची आणि पुरुषांनी तेवढा वेळ घरी लेकरे सांभाळायची. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि तीन महिने विहारात रोज ग्रंथवाचन चालते. या वर्षावासात एक दिवस पटाचाराची कथा वाचा. वाचून झाल्यावर ग्रंथ मिटा आणि समोर बसलेल्या बायांना विचारा, 'ताई, तुमचं कसं चाललंय?' मग उत्तर संपेपर्यंत गप्प बसा.

जय भीम. नमो बुद्धाय.